दारोदार फिरलेली दोन वर्षं

(दहावी २००५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं होतं की शाळा सुटल्यावरच्या वीस वर्षांतलं असं काहीतरी बोला, जे बाकीच्यांना ठाऊक नाही. मला फार शोधावं लागलं नाही. २०१० ते २०१२ या काळात मी कुठे होतो, हे तुमच्यापैकी जवळपास कुणालाच धड माहीत नाही. कुणी म्हणायचं दुबईला गेला, कुणी म्हणायचं एमबीए करतोय. आपल्या ग्रुपवर एकदा ‘तो पाद्री झाला’ असंही येऊन गेलं. पाद्री मी झालो नाही. मी इंग्लंडच्या वायव्य भागात, लँकशायरमधल्या गावांत, काळा कोट, पांढरा शर्ट आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून लोकांची दारं वाजवत होतो. पगार नव्हता. आणि आधीच सांगून टाकतो, घाबरू नका, खिशात पत्रकं आणलेली नाहीत.

वर्गात मी एकटाच ख्रिस्ती होतो, हे तुम्हाला आठवत असेल. नाताळचा केक कोण आणणार यावर आपल्यात कधी मतभेद झाले नाहीत. आमचं घराणं नगरकडचं. आजीच्या माहेरी अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये जाणाऱ्या तीन पिढ्या झाल्या. ‘उपासना संगीत’ तिला पुस्तक न उघडता पाठ होतं, आणि त्यातही रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं ती भाकरी थापता थापता म्हणायची. इतकी आपल्या मातीतली चाल, की शेजारच्या काकूंना बरेच दिवस वाटायचं आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतेय.

मी नववीत असताना बाबा दुसऱ्याच एका चर्चमध्ये जाऊ लागले. त्याचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. २०१८ पासून चर्चनंच हे टोपणनाव वापरू नका असं सांगितलंय, पण पूर्ण नाव दरवेळी घेत बसलो तर माझी पंधरा मिनिटं त्यातच जातील. हे लोक बायबलच्या जोडीला ‘मॉर्मन ग्रंथ’ही पवित्र मानतात. तो १८३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी जोसेफ स्मिथ यांनी प्रसिद्ध केला. देवाचा संदेष्टा आजही पृथ्वीवर असतो, असंही ते मानतात. एवढ्यावरून अनेक चर्च त्यांना ख्रिस्ती मानायलाच तयार नसतात. आजीचंही तेच मत होतं. ती भांडली नाही. रविवारी सकाळी बाबा एका दिशेला आणि ती दुसऱ्या दिशेला जायची, दुपारी दोघं एकाच ताटापाशी बसायची. मी निघालो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “तुमचा प्रभू तिकडचा निराळा असतो काय रे?”

या चर्चमध्ये तरुण मुलं दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष प्रचारकार्याला जातात. तेव्हा मुलांसाठी किमान वय १९ होतं, २०१२ च्या ऑक्टोबरात ते १८ झालं. कुठं जायचं हे आपण ठरवत नाही. अर्ज करायचा आणि सॉल्ट लेक सिटीहून पत्राची वाट पाहायची. खर्च आपला किंवा घरच्यांचा, ज्यांना झेपत नाही त्यांना इतर लोक हातभार लावतात. माझं बी.कॉम. झालं होतं, एका चांगल्या फर्ममध्ये सी.ए.च्या आर्टिकलशिपची जागा ठरल्यासारखी होती. बाबांनी जा म्हटलं नाही आणि जाऊ नको असंही म्हटलं नाही. आईनं फक्त विचारलं, तिकडे भात मिळतो ना? मी गेलो, कारण एक गोष्ट मला स्वतःशीच मिटवायची होती. देवावरचा हा विश्वास माझा आहे, की बाबांचे जुने शर्ट वापरावेत तसा त्यांचाच वापरतोय? घरी राहून हे कळणार नव्हतं.

इतिहासाची एक गंमत सांगून पुढे जातो, आपल्या इतिहासाच्या सरांना आवडेल. हाच प्रवास उलट दिशेनं फार पूर्वी झालेला आहे. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला आला. इथे छोटीशी मंडळी जमली आणि काही वर्षांतच सगळं विरून गेलं. आणि माझ्या वाट्याला आलेलं प्रेस्टन? तिथे १८३७ च्या जुलैत हीबर किंबॉल आणि त्यांचे सोबती पोचले. गावाला लागून वाहणाऱ्या रिबल नदीत त्यांनी पहिले बाप्तिस्मे दिले, आणि तेव्हापासून तिथली मंडळी अखंड चालू आहे. ब्रिगम यंग लोकांना घेऊन यूटाच्या खोऱ्यात पोचले १८४७ मध्ये. म्हणजे प्रेस्टनची मंडळी सॉल्ट लेक सिटीपेक्षा दहा वर्षांनी थोरली.

जवळच चॉर्लीला त्यांचं मोठं मंदिर आहे, १९९८ मध्ये समर्पित झालेलं. त्याच आवारात प्रशिक्षण केंद्र. तिथे थोडे दिवस शिकलो आणि मग रस्त्यावर.

दिनक्रम असा. साडेसहाला गजर. अर्धा तास व्यायाम, अंघोळ, न्याहारी. आठ ते नऊ एकट्यानं वाचन, नऊ ते दहा जोडीदाराबरोबर वाचन. दहाला बाहेर. रात्री नऊला परत, उद्याची आखणी, साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणं तर नाहीच. सोमवारी कपडे धुणं, बाजारहाट आणि सार्वजनिक वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर घरी ई-मेल. मी रोमन लिपीत मराठी लिहायचो. फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. आणि सगळ्यात अवघड नियम म्हणजे एकटं कधीच राहायचं नाही. जोडीदार नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात हवा. बाथरूम तेवढं आपलं. साधारण सहा आठवड्यांनी बदल्यांचा निरोप यायचा, कधी जोडीदार बदले, कधी गाव.

लँकशायरच्या त्या गावांत लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा असतात, भिंतीला भिंत, दाराला दार. कापडगिरण्यांच्या कामगारांसाठी बांधलेली घरं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस यायचा थांबला, आणि या गावांत उपासमार झाली. त्याच टंचाईमुळे आपल्या कापसाला भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. मी एका रांगेतली चाळीस दारं वाजवत जायचो आणि हा हिशेब डोक्यात चालू असायचा. सी.ए. होणारा माणूस, दुसरं काय करणार.

दारं बहुतेक उघडत नसत. उघडली तर “नो, थँक यू”, तेही बऱ्याचदा हसून. एखादा शिवी देई. एकदा एका आजोबांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले की मला ऐकू येत नाही. पाऊस तर विचारूच नका. आपल्याकडे पाऊस येतो आणि जातो, तिकडे तो मुक्कामाला असतो. आणि या सगळ्यात जे कोणी माणुसकीनं वागत, त्यांचं पहिलं वाक्य एकच असे. आत या, चहा घ्या.

आता चहा. या चर्चमध्ये दारू आणि तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य आहे. तुम्ही मला कॉलेजच्या काळात अमृततुल्यसमोर नुसता उभा राहिलेला पाहिलंय, आणि त्यावरून केलेल्या थट्टा मला आठवतात. पण इंग्लंडमध्ये चहा नाकारणं म्हणजे पुढे केलेला हात झटकणं. थंडीनं बोटं वाकत नाहीत, समोर वाफाळता कप आहे, आणि आपण म्हणतोय, नको, पाणी चालेल. श्रद्धा म्हणजे मोठमोठ्या गोष्टी असा माझा समज होता. तिथे ती दिवसातून तीनदा चहाच्या कपाएवढी होऊन समोर यायची.

प्रेस्टनमध्ये बरीच गुजराती वस्ती आहे. काही मंडळी थेट गुजरातेतून गिरण्यांत कामाला आलेली, काही पूर्व आफ्रिकेतून. एका घरी निवृत्त काका आणि त्यांची पत्नी राहत. त्यांना सगळे बा म्हणत, म्हणून आम्हीही बा म्हणू लागलो. काकांनी वर्षानुवर्षं गिरणीत रात्रपाळी केलेली. धर्म बदलण्यात दोघांना काडीचाही रस नव्हता आणि त्यांनी तसं पहिल्याच दिवशी सांगितलं. मग आम्ही त्यांचं गवत कापून द्यायचो, जड सामान आणून द्यायचो. चहा घेत नाही म्हटल्यावर बांनी कपाळाला हात लावला. पुढच्या वेळी आलं घातलेलं गरम दूध पुढे आलं, आणि दोन वर्षांत मी त्या घरी कधी जाऊन ते न पिता परतलो असं झालं नाही. बा रोज संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे दिवा लावत. आम्ही बसलेलो असलो तरी उठून लावत, मग परत येऊन अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करत. माझ्या अमेरिकन जोडीदाराला याचं फार नवल वाटे. तो एकदा म्हणाला, त्यांनी आपल्याला थांबायलाही सांगितलं नाही आणि सॉरीही म्हटलं नाही!

सहाव्या-सातव्या महिन्यात माझं आतून सगळं कोरडं पडलं. शंका आली असती तर बरं, तिच्याशी भांडता येतं. हे नुसतं काहीच नव्हतं. सकाळी गुडघे टेकायचे, शब्द म्हणायचे, उठायचं. दिवसभर लोकांना सांगायचं की प्रार्थना करा, उत्तर मिळेल. आणि रात्री छताकडे बघत पडायचं. वरिष्ठांना दर आठवड्याला पत्र लिहायचं असे. त्यात मी हे लिहिलंही. त्यांचं उत्तर आलं की वाचन आणि प्रार्थना सोडू नकोस. तेव्हा ते मला कोरडंच वाटलं.

त्या दिवसांत मला आपल्या शाळेची सकाळ आठवायची. पटांगणावर रांगा आणि मनाचे श्लोक. बाई, तुम्ही आम्हाला कधी विचारलं नाहीत की आज श्लोक म्हणावेसे वाटताहेत का. झोप आली असेल, पोट दुखत असेल, गृहपाठ राहिला असेल, श्लोक झाल्याशिवाय वर्गात जायचं नाही. तेव्हा आम्ही कुरकुरायचो, निम्मे नुसते ओठ हलवायचे. पण मी चर्चला जाणारा मुलगा, मला ते आजही पाठ आहेत. ‘वाटणं’ ही गोष्ट त्यात कुठे नव्हतीच. प्रेस्टनच्या त्या खोलीत मी वरिष्ठांचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा ते मला ओळखीचं वाटलं. बाईंच्या आवाजात वाचलं, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट भाषेची. मी तोवर प्रार्थना इंग्रजीतच करत होतो, कारण जोडीदार शेजारी असायचा. इंग्रजीत प्रार्थना करताना देवाला ‘यू’ म्हणायचं नाही, जुन्या पद्धतीनं ‘दाऊ’ आणि ‘दी’ म्हणायचं, असा तिथला रिवाज. माझ्या जोडीदारानं समजावलं की तो आदर आहे. मग एकदा वाचनालयात शब्दकोश उघडला तर कळलं, जुन्या इंग्रजीत हा ‘दाऊ’ म्हणजे आपला ‘तू’. घरातल्याला, लहानाला, जिवलगाला वापरायचा शब्द. काळाच्या ओघात बोलण्यातून गेला, फक्त देवापाशी उरला, आणि आता तो भारदस्त वाटतो. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे विठोबाला आणि येशूला, दोघांनाही सरळ ‘तू’ म्हणतात. सरांना ‘तुम्ही’, देवाला ‘तू’. त्याला ते उद्धट वाटलं. आणि मी त्या रात्री बाथरूमचं दार लावून मराठीत प्रार्थना केली. “ए, ऐकतोयस ना?” अशी सुरुवात झाली. पुढचं सांगत नाही. काही दिसलं नाही, आवाज आला नाही. पण तक्रार करता आली. इंग्रजीत मला देवाकडे तक्रार करता येत नव्हती.

हा जोडीदार आयडाहोतला, बटाट्याची शेती करणाऱ्या घरातला, वय १९. दुसऱ्या हिवाळ्यात, एका बदलीनंतर, आम्ही पुन्हा एकत्र आलो तेव्हा तो निम्मा झालेला होता. रात्र रात्र जागा. सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता थांबायचा आणि तसाच बसून राहायचा. त्याला घरी जायचं होतं आणि घरी जायची भीती वाटत होती, कारण काही घरांत आणि गावांत मुदत पुरी न करता आलेल्या मुलाकडे लोक निराळ्या नजरेनं पाहतात. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला देवानं थकायची परवानगी दिलेली असते, माणसं देत नाहीत. चार दिवस आम्ही बाहेर पडलोच नाही. मी मुगाची खिचडी करायचो, तो ती केचप घालून खायचा आणि मी डोळे मिटून घ्यायचो. शेवटी वरिष्ठांशी बोलून, डॉक्टरांना दाखवून, तो मँचेस्टरहून विमानात बसला. जाताना त्यानं विचारलं, मराठीत देवाला काय म्हणतोस ते पुन्हा सांग. मी सांगितलं. त्याला ‘तू’मधला ‘त’ शेवटपर्यंत जमला नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी आजी गेली. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला आणि त्यांनी घरी बोलायची परवानगी दिली. बाबा म्हणाले, मातीला तिच्याच चर्चचे पाद्रीसाहेब होते, बाबांनी तिथं उभं राहून टिळकांचं पद म्हटलं, आणि दुसऱ्या कडव्यानंतर त्यांना पुढे येईना तेव्हा तिच्या चर्चमधल्या बायकांनी ते पुरं केलं. घरी यायचं का, हे मला कुणी विचारायच्या आत मी नाही म्हणून टाकलं. मिरवण्यासारखं त्यात काही नाही. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं, एवढाच तो विचार होता.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला गजर झाला. मी गुडघे टेकले. आजीचं आवडतं पद आठवू पाहत होतो, आणि तोंडातून आले ते मनाचे श्लोक. चार-पाच सलग म्हटले. नवा जोडीदार घानाचा होता. त्याला वाटलं मी माझ्या भाषेत प्रार्थना करतोय. तो हात जोडून थांबला आणि शेवटी आमेन म्हणाला. मीही म्हणालो.

त्या दिवशी तो म्हणत होता, आपण घरातच राहू. आम्ही बाहेर पडलो. दुपारी बांकडे गेलो. मी सांगितलं, आजी गेली. बांनी नाव विचारलं. मग उठल्या, अजून ऊन होतं तरी देव्हाऱ्यापुढे दुसरा दिवा लावला, आणि आजीचं नाव त्यांच्या गुजराती उच्चारात घेतलं. काकांनी टीव्ही बंद केला. आम्ही पाचेक मिनिटं तसेच बसलो. मी तिथं मुळात काय शिकवायला येत होतो, हे त्या वेळी खोलीतल्या कुणाच्याच लक्षात नव्हतं. मग दूध आलं.

२०१२ मध्ये परत आलो. पट्टी काढून ठेवली. पहिल्या रात्री खोलीत एकटा झोपलो आणि झोपच येईना, दोन वर्षांत दुसऱ्याच्या श्वासाची सवय झालेली. आर्टिकलशिप मग सुरू झाली, तुमच्या तीन वर्षं मागून. इथे बसलेले दोघे माझ्या आधी सी.ए. झाले आणि अजूनही ते ऐकवतात. आयडाहोचा मित्र आता चर्चला जात नाही. आमचं बोलणं होतं, तो बटाट्याचे फोटो पाठवतो. बा आता नाहीत, काकांचा मुलगा दिवाळीला मेसेज करतो.

माझं सध्या असं आहे की गजर अजून साडेसहाचाच आहे. गुडघे टेकतो आणि धाकटी मागून येऊन पाठीवर चढते, तिला वाटतं मी घोडा झालोय. काही दिवस पाच मिनिटं मिळतात, काही दिवस घोडाच. बोलणं मराठीत असतं आणि बरंचसं तक्रारीचंच.

मध्यंतरात चहा आहे. माझ्यासाठी आल्याचं दूध सांगून ठेवलंय असं संयोजकांनी आत्ताच चिठ्ठी पाठवून कळवलंय.